जुन्या गाडीचा स्पार्क प्लग पुन्हा पुन्हा का जातो? पायरीपायरीने निदान

आमच्याकडे १९९७ सालची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा कार्बोरेटर नावाच्या भागात मिसळणारी. बाबांनी घेतलेली, आता मी चालवतो. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिचा दोन नंबरचा प्लग दर सहाशे-सातशे किलोमीटरला जायला लागला. सकाळी गाडी चालू व्हायची, पण तीनऐवजी दोनच सिलिंडरवर. नाशिकच्या गंगापूर रोडच्या सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंगपासून मागच्या काचेपर्यंत सगळं थरथरायचं. गॅरेजमध्ये प्लग काळा आणि ओला निघायचा, नवा टाकला की गाडी लोण्यासारखी चालायची. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. असं चार वेळा झालं. चारही वेळा जुना प्लग गॅरेजच्या डब्यात गेला आणि तो काय सांगतोय हे कुणी पाहिलंच नाही, मीसुद्धा नाही.

ज्यांच्या हातात पहिल्यांदाच जुनी पेट्रोल गाडी आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. प्लग बदलणं सोपं आहे. तो का गेला हे शोधायला थोडा धीर लागतो, पण त्यातलं तीन चतुर्थांश काम घराच्या अंगणात होतं. सगळ्याच्या मुळाशी एकच सवय आहे: जुना प्लग टाकून देण्याआधी नीट बघायचा, तो कुठल्या सिलिंडरमधून निघाला ते लिहून ठेवायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी एक वही करा

तारीख, किलोमीटर, कुठल्या नंबरचा प्लग, कसा दिसत होता, काय बदललं. एवढे पाच रकाने पुरेत. साधा निकेलचा प्लग चांगल्या इंजिनात पंधरा ते वीस हजार किलोमीटर सहज जातो. तुमचा दोन-तीन हजारांच्या आत जात असेल, तर दोष प्लगमध्ये नाही, त्याच्या आजूबाजूला आहे असं धरून चाला. (अपवाद नकली प्लगचा, त्याबद्दल शेवटी.)

गाडी कधी मिसिंग मारते, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटत नाही, हेही लिहा. फक्त सकाळी थंड असताना? पाऊस पडला की? चढावर लोड आल्यावर? की सिग्नलला बराच वेळ उभं राहिल्यावर? हे ‘कधी’ नीट लिहिलेलं असेल तर मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो.

शेवटची पीयूसीची पावतीही वहीत चिकटवा. त्या कागदाकडे कुणी बघत नाही, पण त्यावरचे आकडे कामाचे असतात. बीएस-२ (भारत स्टेज-२ हे प्रदूषणाचे नियम) च्या आधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम आहे. पहिला आकडा मर्यादेच्या काठावर असेल तर गाडी पेट्रोल जास्त ओढते आहे. दुसरा चढलेला असेल तर कुठल्यातरी सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता तसंच बाहेर पडतंय.

प्लग काढायच्या आधी

पंधरा-वीस किलोमीटर नेहमीच्या वेगाने गाडी चालवून या. गंगापूर धरणापर्यंत जाऊन आलात तरी चालेल. घरी आल्यावर इंजिन रेंगाळत ठेवू नका, लगेच बंद करा. दहा मिनिटं नुसतं आयडलिंगवर ठेवलेल्या इंजिनाचे प्लग काळसरच दिसतात आणि आपला अंदाज चुकतो.

मग इंजिन पूर्ण गार होऊ द्या. मारुती ८०० सारख्या गाड्यांचं हेड अॅल्युमिनियमचं असतं. गरम हेडमधून प्लग जोर लावून काढला तर आटे प्लगबरोबरच बाहेर येतात, आणि मग शंभर-दीडशेच्या प्लगपायी हेडचं काम निघतं.

वायरींवर चिकटपट्टी लावून १, २, ३ लिहा. टायमिंग बेल्टच्या बाजूचा सिलिंडर एक नंबरचा. वायर ओढताना केबल धरू नका, टोकाची रबरी टोपी धरून थोडी पिळून काढा. प्लगभोवती साचलेली धूळ आधी उडवा, सायकलच्या पंपाने छान उडते. पिंपळगाव-निफाडकडच्या बागांच्या कच्च्या रस्त्यांवर गाडी फिरत असेल तर ही पायरी वगळूच नका, कारण ती माती प्लग निघाल्यावर सरळ सिलिंडरमध्ये पडते. प्लग पाना जुन्या गाड्यांना बहुतेक २१ चा लागतो, नव्यांना १६ चा.

काढलेले प्लग अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा आणि उजेडात फोटो काढा. पुसू नका.

प्लग वाचायचा कसा

बघायचं ते आतल्या टोकाला: मधला इलेक्ट्रोड, त्याभोवतीचं पांढरं चिनीमातीचं नाक आणि वरून वळलेला बाहेरचा इलेक्ट्रोड.

नाकाचा रंग खमंग भाजलेल्या बेसनासारखा किंवा फिका राखाडी असेल तर त्या सिलिंडरचं बरं चाललंय.

कोरडी काळी काजळी, जी बोटाला मऊ लागते आणि कंदिलाच्या काचेवर धरते तशी असते, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, किंवा स्पार्क कमजोर, किंवा इंजिन पुरेसं तापतच नाही.

ओला, चकचकीत, तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल आत येतंय. बोटावर घेऊन चोळून पाहा. पेट्रोल असेल तर क्षणात उडून जातं आणि वास नाकात जातो. ऑइल बोटावर तसंच राहतं. हा फरक नवशिक्याला पहिल्या दिवशीच कळायला हवा, कारण पेट्रोलने ओला प्लग म्हणजे त्या सिलिंडरला करंट मिळत नाही, आणि ऑइलने ओला प्लग म्हणजे यांत्रिक दोष. दोन्हींचे रस्ते वेगळे.

पांढराफटक, फोड आल्यासारखा, इलेक्ट्रोडच्या कडा वितळल्यासारख्या दिसत असतील तर प्लग फार तापतोय. नाकावर मिरीएवढेसुद्धा नाहीत असे चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम असू शकतं. अशा वेळी गाडी पुढे चालवू नका.

तिघांपैकी एकच प्लग संशय यावा इतका स्वच्छ, धुऊन काढल्यासारखा असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी आत जात असण्याची शक्यता आहे. गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडून मग गाडी चालू करा. एकसारखे बुडबुडे येत राहिले तर संशय पक्का होतो. गरम असताना ते झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही.

आता बाहेरचा भाग. पांढऱ्या चिनीमातीवर धातूच्या काठाजवळ फिकट तपकिरी कडं असेल तर घाबरू नका, हवेतले तेलाचे कण विजेच्या दाबाने तिथे चिकटतात. पण वरून खाली जाणारी पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ असेल, तर करंट प्लगच्या आत न जाता बाहेरूनच बॉडीला पळतोय. रबरी टोपी फाटली आहे किंवा आत ओल आहे. असा प्लग आणि ती टोपी दोन्ही बदलावे लागतात. एक ठेवलं तर ते दुसऱ्याला खराब करतं.

एकच प्लग जातोय की सगळे?

इथे रस्ता दुभागतो आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. सगळे प्लग सारखेच काळे किंवा सारखेच पांढरे असतील, तर दोष सगळ्यांना मिळून असलेल्या गोष्टीत आहे: कार्बोरेटर, एअर फिल्टर, चोक, कॉइल (बॅटरीचं व्होल्टेज प्लगसाठी वाढवणारी), स्पार्कचं टायमिंग, थर्मोस्टॅट. एकाच सिलिंडरचा प्लग जात असेल आणि बाकीचे बेसनाच्या रंगाचे असतील, तर त्या बिचाऱ्या कार्बोरेटरला उघडून काही उपयोग नाही. तो सगळ्यांना एकच मिश्रण देतो. दोष त्या एका सिलिंडरचा, त्याच्या वायरीचा किंवा डेल्कोच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला क्रमाने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या, टोपीतल्या त्याच्या खुंटाचा.

आमच्या गाडीचा कार्बोरेटर दोनदा धुतला गेला. एक आणि तीन नंबरचे प्लग ठणठणीत होते, तरीही.

अदलाबदल करून पाहा

एक नवा पैसा खर्च न होणारी परीक्षा. दोन नंबरचा प्लग एकमध्ये टाका, एकचा दोनमध्ये. वहीत लिहा. आठवडाभर चालवा. दोष प्लगबरोबर एक नंबरला गेला तर प्लगच खराब. दोष दोन नंबरलाच राहिला तर प्लग निर्दोष, पुढे चला.

मग वायरींची अदलाबदल. त्यांची लांबी वेगवेगळी असते, पण पोहोचत असतील तर करून पाहा. वायर अदलून टाकताना फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांना स्पार्क मिळण्याचा क्रम, बिघडवू नका. मारुतीच्या तीन सिलिंडर इंजिनाची ऑर्डर १-३-२ आहे. वायर बदला, तिची जागा नाही.

प्लग आणि वायर एकाच दिवशी बदलू नका. दोष गेला तर कशाने गेला हे कळणार नाही, आणि तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

करंटची बाजू

पावसाळ्यात मिसिंग वाढत असेल तर आधी इथे बघा. इगतपुरी-त्र्यंबककडे ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना हे सांगायला नको. तिकडच्या पावसात जुनी रबरं उघडी पडतात.

रात्री, अंगणातला दिवा घालवून, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. फवारणीच्या छोट्या बाटलीने वायरींवर आणि डेल्कोच्या टोपीवर पाण्याचा हलका तुषार मारा. जिथून करंट गळतो तिथे निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात, टिकटिक आवाजही येतो. हात लावायचा नाही. कुठे पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग करायचाच नाही, आधी गळती काढा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांना इंजिनजवळ उभं करू नका.

मल्टिमीटर असेल तर वायरींचा रोध मोजा. कार्बन गाभ्याच्या वायरीत तो काही हजार ओहम असतो आणि लांबीनुसार वाढतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा, पण पुस्तिका नसली तरी एक गोष्ट कळते: दोन वायरी सारख्या आणि तिसरी कितीतरी जास्त दाखवत असेल, किंवा वाकवल्यावर आकडा उड्या मारत असेल, तर ती गेली. बॅटरीवर चालू इंजिनात १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. कमी असतील तर कॉइललाच पोटभर मिळत नाही, मग प्लगला काय मिळणार.

डेल्कोची टोपी काढून आतून बघा. केसासारखा काळा तडा, खुंटांवर हिरवट-पांढरा थर, रोटरचं टोक झिजलेलं. एका नंबरच्या खुंटाशीच तडा असेल तर एकच सिलिंडर मरतो, म्हणून टोपी ‘एकच प्लग’ आणि ‘सगळे प्लग’ अशा दोन्ही यादीत येते. अँबॅसिडर, पद्मिनीसारख्या पॉइंटवाल्या (कॉइलचा करंट तोडणारे धातूचे संपर्क असलेल्या) गाड्यांत पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदलून पाहा.

स्पार्क पाहायचा असेल तर प्लग वायरीला लावून त्याचे आटे इंजिनच्या धातूला नीट टेकवून ठेवा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. निळा-पांढरा, कडकडीत स्पार्क हवा. बारीक पिवळसर असेल तर करंट कमजोर. प्लगच्या उघड्या भोकापासून दूर धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते. चालू इंजिनात एकेक वायर उपटून बघायची जुनी पद्धत इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर वापरू नका. करंटला जायला वाट मिळाली नाही की मॉड्यूल किंवा कॉइल जळते.

प्लग खोल विहिरीत बसवलेल्या गाड्यांचं आणखी एक दुखणं: वरच्या झाकणाचं गॅस्केट गळून विहिरीत ऑइल साचतं, किंवा गाडी धुताना पाणी. प्लगचं आतलं टोक कोरडं आणि बाहेरचं अंग ओलं असेल तर हेच समजा.

ऑइलची बाजू, आणि कसारा घाट

आमच्या दोन नंबरच्या प्लगवरचा ओलावा बोटावरून उडत नव्हता. म्हणजे ऑइल. ऑइल सिलिंडरमध्ये दोन वाटांनी येतं: खालून, पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून, किंवा वरून, वाल्व्हच्या दांड्यावरच्या सीलमधून. पहिलं काम मोठं, दुसरं त्या मानाने छोटं. म्हणून कुणी ‘इंजिन काम करावं लागेल’ म्हणालं की होकार देण्याआधी या दोन परीक्षा करून घ्या.

पहिली कम्प्रेशनची. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, कॉइलची जोडणी काढलेली, बॅटरी भरलेली, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. गेज लावून पाच-सहा वेळा इंजिन फिरू द्या आणि आकडा लिहा. सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरून काढली. आकडा हललाच नाही तर वाल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट. गेज बहुतेक गॅरेजमध्ये असतं, पण मागितल्याशिवाय निघत नाही. मागा.

आमच्या गाडीचे आकडे १६५, १६०, १६५ पौंड आले. तिन्ही सारखेच. रिंगा संशयातून सुटल्या.

दुसरी परीक्षा नाशिककरांच्या दारातच आहे. इगतपुरी सोडून कसारा घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, पाय अॅक्सिलरेटरवरून काढा. असंही घाट असाच उतरायचा असतो. गाडी इंजिनवर रोखली जाते तेव्हा थ्रॉटल (हवेची झडप) बंद असतो आणि सिलिंडर हवा ओढायला धडपडतात, त्यामुळे इनटेकच्या बाजूला जोरदार ओढ तयार होते. वाल्व्हची सीलं कडक झाली असतील तर ती ओढ दांड्यावरून ऑइल खाली खेचते. घाट संपला की अॅक्सिलरेटर दाबा आणि मागे बसलेल्याला मागच्या काचेतून बघायला सांगा.

माझा धाकटा भाऊ मागे बसला होता. कसाऱ्याला सपाटीला लागल्यावर मी पाय दाबला आणि तो म्हणाला, “दादा, निळा! केवढा लोट निघाला.” चार-पाच सेकंदांत धूर विरला आणि पुढे काहीच नाही. सतत निळा धूर असता, विशेषतः चढावर आणि जोरात पळवताना, तर रिंगांकडे बोट गेलं असतं. उतारानंतर एकदाच येणारा लोट म्हणजे सीलं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या मिनिटात निळा धूर सोडत असेल तर तीही याच गोष्टीची खूण, कारण रात्रभर ऑइल थेंबथेंब उतरलेलं असतं.

त्या इंजिनात सहाच वाल्व्ह, म्हणून सहा सीलं. हेड न उतरवता, प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन वाल्व्ह वर धरून ठेवायचे आणि वरून सीलं बदलायची, असं जाणकार मेकॅनिक करतात. आमच्या मेकॅनिक काकांनी जुनी सीलं माझ्या तळहातावर ठेवली. मी नख रोवून पाहिलं, जात नव्हतं. सुकलेल्या वाटाण्यासारखी कडक झाली होती. नवं सील दाबलं तर शाळेतल्या खोडरबरासारखं मऊ. दोन नंबरच्या इनटेक वाल्व्हचं सील एका बाजूने पूर्ण चिरलेलं होतं. काका म्हणाले, “पंचवीस वर्षं गरम तेलात राहिलंय ते, दादा. रबर आहे शेवटी.”

सीलांना हात घालण्याआधी ब्रीदरची नळी आणि पीसीव्ही वाल्व्ह (इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर काढणारी वाट) मात्र तपासा. ती वाट तुंबली की इंजिनाच्या पोटातला दाब ऑइलला मिळेल तिथून बाहेर ढकलतो. पाच मिनिटांचं काम आहे. ऑइलची पातळी काठीच्या वरच्या खुणेच्या वर भरलेली नाही ना, तेही बघा.

सगळेच काळे असतील तर

एअर फिल्टर आधी. मग चोक: नॉब आत ढकलल्यावर कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप खरंच पूर्ण उघडते का, फिल्टर काढून डोळ्यांनी बघा. केबल गंजून अर्ध्यावर अडकलेली असते आणि चालवणाऱ्याला वाटतं चोक बंद आहे. नाशिकच्या थंडीत, निफाडकडे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा, चोक लागतोच, पण तो दोन-तीन मिनिटांत सोडायचा. इंजिन बंद केल्यावर कार्बोरेटरच्या घशात पेट्रोल ठिबकत राहत असेल तर फ्लोटची नीडल (पेट्रोलची पातळी रोखणारी सुई) झिजली आहे. टॉर्च लावून बघा, काडी पेटवून नव्हे.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. माझं ठाम मत आहे की आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचे प्लग काळे पडण्यात याचा वाटा मोठा आहे. गाडी एकदा गरम झाली की ‘आपल्या हवेत लागत नाही’ म्हणून तो काढून टाकतात आणि पुढच्या मालकाला कुणी सांगत नाही. प्लगचं नाक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळते. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन हिवाळ्यात घर ते कॉलेज रोड एवढ्या अंतरात तापतच नाही, त्यामुळे काजळी साठत जाते. दहा मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा तळाशीच असेल तर मेकॅनिकला विचारा, थर्मोस्टॅट आहे का आत?

फक्त भाजीला आणि शाळेला जाणारी गाडी असेल, तर आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास चालवा. बाकी काही बिघाड नसेल तर पुष्कळदा एवढ्यानेच प्लग निवळतात. मुंबईहून आणलेल्या जुन्या कार्बोरेटर गाडीचं मिश्रण इथे एकदा ट्यून करून घ्या. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, हवा थोडी विरळ, त्यामुळे तिथे जुळवलेलं मिश्रण इथे जरा जाड होतं.

सगळेच पांढरे असतील तर

इथे घाई करा, कारण काळ्या प्लगने गाडी बंद पडते पण पांढऱ्या प्लगने इंजिन जातं. ८०० अंशांच्या वर तापलेलं प्लगचं टोक स्पार्कची वाट न बघता स्वतःच मिश्रण पेटवायला लागतं.

व्हॅक्यूमच्या नळ्या एकेक करून चिमटीत दाबा. इंजिनाचा आवाज बदलून सुधारला तर ती नळी किंवा तिच्या पुढचं काहीतरी हवा खातंय. कार्बोरेटरच्या बुडाचं गॅस्केट आणि बोल्ट बघा. चढावर अॅक्सिलरेटर दाबल्यावर बरणीत खडे हलवल्यासारखा आवाज येत असेल तर टायमिंग पुढे गेलंय, टायमिंग लाइटने तपासून घ्या.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याचाही इथे संबंध आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलोच. शुद्ध पेट्रोलसाठी ठरवलेला कार्बोरेटर हवा पूर्वीइतकीच देतो, म्हणून मिश्रण पातळ होतं. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्शनची गाडी ते बऱ्यापैकी सावरून घेते, कार्बोरेटरला ते कळत नाही. तुमचे प्लग अलीकडे बेसनाच्या रंगावरून पांढरे होत गेले असतील तर मिश्रण पुन्हा जुळवून घ्या आणि जुन्या रबरी पेट्रोल नळ्याही तपासा. इथेनॉल ओल धरतं, त्यामुळे पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवू नका.

सीएनजी किट असेल तर तिकडे वेगळा नियम. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधली फट, पेट्रोलपेक्षा कमी ठेवतात आणि प्लग लवकर बदलतात. कमजोर वायर पेट्रोलवर चालून जाते आणि गॅसवर पकडली जाते.

नवा प्लग घेताना

जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘मायकोचा प्लग’ असतो. सातपूरला मायकोचा (आता बॉशचा) कारखाना आणि शहरात मायको सर्कल असल्यामुळे नाशिककरांना तो घरचाच वाटतो, पण इथल्या कारखान्याची ओळख डिझेलच्या नोझल आणि इंजेक्टरची, आणि डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग लागतच नाही. सांगायचा मुद्दा: नावावर जाऊ नका, नंबर बघा.

हा नंबर प्लग किती गरम राहतो ते सांगतो. एनजीके आणि बॉश यांची मोजपट्टी उलटी आहे. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. दुकानदाराने ‘हा पण सातच आहे’ म्हणून दुसऱ्या कंपनीचा दिला तर इथेच घोटाळा होतो. पुस्तिकेतला नंबर लिहून न्या. ऑइल मारणाऱ्या इंजिनात एक पायरी गरम प्लग टाकून वेळ मारून नेतात. पावसाळा निघून जाईल, पण तोच प्लग उन्हाळ्यात चार माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना धोक्याचा ठरतो. महाग इरिडियम प्लगनेही ऑइल थांबत नाही.

नकली प्लग बाजारात भरपूर आहेत. चिनीमातीवरची छपाई फिस्कटलेली, मधला इलेक्ट्रोड केंद्रात नाही, वॉशर हातात सुटून येतो, अशी लक्षणं दिसली तर परत करा. पक्कं बिल घ्या. वाळूच्या मशीनवर साफ केलेले प्लग मी वापरत नाही, आत अडकलेला एक कण सिलिंडरच्या भिंतीला ओरखडा काढायला पुरेसा असतो. तारेच्या ब्रशने नाक घासलं तर त्यावर धातूचा पुसट थर बसतो आणि करंट त्यावरूनच पळतो.

बसवताना

गॅप फिलर गेजने मोजा, नव्या प्लगचाही. कमी-जास्त करायचा असेल तर फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड हलवा, मधल्यावर जोर आला की नाकाला तडा जातो.

पहिले आटे हातानेच. पाना न लावता प्लग शेवटपर्यंत सहज फिरला पाहिजे. अडला तर काढून पुन्हा. हाताने घट्ट झाल्यावर नवा वॉशर असेल तर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. जुनाच प्लग परत लावत असाल तर घड्याळातल्या तासभराच्या अंतराएवढं, म्हणजे एक बारांश. टॉर्क पाना असेल तर अॅल्युमिनियम हेडला २५ ते ३० न्यूटन मीटर. सैल प्लगही वाईट: त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, तो तापत राहतो, आणि तुम्ही पांढऱ्या प्लगचं कारण कार्बोरेटरमध्ये शोधत बसता.

टोपी बसताना ‘टक’ असा आवाज यायला हवा.

त्यानंतर पाचशे किलोमीटर झाले की सगळे प्लग पुन्हा काढून ट्रेमध्ये ठेवा, फोटो काढा आणि आधीच्या फोटोशी लावून बघा. सीलं बदलल्यावर मी असेच काढले होते. एक आणि तीन नंबरचे प्लग नेहमीसारखे बेसनी. दोन नंबरच्या काठावर थोडी जुनी काळी कड उरली होती, नाक मात्र त्यांच्याच रंगाचं झालं होतं. वहीत तसं लिहिलं आणि तोच प्लग परत दोन नंबरला लावला. तो अजून तिथेच आहे.